नकाशाची सूची आधी वाचा

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला आयुष्यभर एक प्रश्न चुकत नाही: ‘म्हणजे नद्या आणि राजधान्या का?’ पुढे मी दूरसंवेदन आणि जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) शिकवायला लागले तेव्हा प्रश्न बदलला: ‘म्हणजे गूगल मॅप का?’ दोन्ही वेळा मी ‘हो’ म्हणून विषय संपवला. लग्नाच्या पंगतीत आणखी काय सांगणार?

माझे घर डहाणूजवळ आगरला. पुणे विद्यापीठात भूगोलात एम.ए., मग डेहराडूनला प्रशिक्षण, मग कॉलेजात शिकवणे आणि जमेल तसे संशोधन, असा सरळ रस्ता. संशोधनासाठी लांब जावे लागले नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके नकाशा शिकायला फार सोयीचे आहेत. पश्चिमेला खाडी आणि समुद्र, मधे रेल्वे आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेला डोंगर आणि वारल्यांचे पाडे, उत्तरेला राज्याची हद्द. एसटीच्या एका फेरीत सगळे बघून होते. या दोन तालुक्यांनी जे शिकवले त्यातले काही इथे आकडे घालून लिहिते आहे. आकडे फक्त सोयीसाठी.

१. आधी सूची वाचायची, नकाशा नंतर

डेहराडूनची संस्था १९६६ साली डच मदतीने हवाई छायाचित्रांचे वाचन शिकवण्यासाठी सुरू झाली. आज तिला भारतीय दूरसंवेदन संस्था म्हणतात आणि ती इस्रोच्या छत्राखाली आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात बसवतात: उपग्रहाच्या नेहमीच्या रंगीत प्रतिमेत हिरवे झाड लाल दिसते. पाने जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतात आणि त्या प्रकाशाला प्रतिमेत लाल रंग दिलेला असतो. जितके लाल, तितकी पाने.

हे ज्ञान घेऊन परत आले आणि डहाणूची मार्च महिन्यातली प्रतिमा वर्गात लावली. किनाऱ्याकडे घोलवड, बोर्डी, नरपड, चिखले असा गडद लाल पट्टा. पूर्वेच्या डोंगरात करडा, निळसर, फिका रंग. एका मुलाने लगेच निष्कर्ष सांगितला, ‘मॅडम, जंगल समुद्राकडे आहे आणि डोंगर उजाड आहेत.’ वर्ग हसला, कारण अर्धा वर्ग त्याच डोंगरातून आलेला होता. मार्चमध्ये सागाची पाने गळलेली असतात, ऐनही विरळ झालेला असतो. चिकू मात्र बारा महिने हिरवा. प्रतिमा खोटे बोलत नव्हती. ती फक्त पाने मोजत होती.

खरी गंमत पुढे आहे. भारतीय वन सर्वेक्षण ‘वनाच्छादन’ मोजते तेव्हा एक हेक्टरपेक्षा मोठा, दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेला कुठलाही वृक्षांचा तुकडा त्यात धरते. जमीन कोणाची, झाडे कसली, हे त्यात येत नाही. ही व्याख्या चोरून केलेली नाही, अहवालात स्वच्छ छापलेली असते. म्हणजे घोलवडच्या ज्या वाडीतला चिकू २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसला, ती वाडीही वनाच्छादनात जमा. आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन, जिथे आलटून पालटून नागली, वरई, उडीद होतात आणि मधली काही वर्षे जमीन विश्रांती घेते, ती कुठे जमा? हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने ग्रामविकास मंत्रालयासाठी देशाचा पडीक जमिनींचा अ‍ॅटलास २००० साली काढला. त्यातला एक वर्ग आहे झुडपांसह पडीक. विश्रांतीतली वरकस प्रतिमेत नेमकी तशीच दिसते. तलासरीकडच्या एका मुलीने मला विचारले होते, ‘आम्ही यंदा नागली केली नाही म्हणून पडीक, आणि पुढच्या वर्षी केली की शेत?’

तिच्या प्रश्नाला मी सॉफ्टवेअरमधून उत्तर देऊ शकत नव्हते. कारण ते उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नसतेच, सूचीत असते. नकाशाच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकटीत कोणीतरी बसून ठरवलेले असते की या जमिनीवर किती प्रकारच्या गोष्टी असू शकतात. उरलेले सगळे काम संगणक बिनतक्रार करतो. तेव्हापासून माझ्या प्रात्यक्षिकाचा पहिला तास सूचीचा असतो. नकाशा झाकून ठेवते, फक्त सूची वाचायला देते आणि विचारते: यात तुमच्या पाड्यावरचे काय काय बसत नाही?

२. आपलाच मुलूख कुलपात असू शकतो

डहाणूच्या ईशान्येला, आगरपासून फार लांब नाही, वीस अंश उत्तर अक्षवृत्त आणि बहात्तर अंश पंचेचाळीस मिनिटे रेखावृत्त एकमेकांना छेदतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत पन्नास हजारी टोपोशीट पंधरा मिनिटांची असते. त्यामुळे आमचा तालुका चार शीटांच्या कोपऱ्यावर पडतो: ४६ डी/१२, ४६ डी/१६, ४७ ए/९ आणि ४७ ए/१३. गावाचा अभ्यास करायचा तर चार शीटा जोडा. आणि त्या मिळवायच्या कशा? किनाऱ्यापासून आणि देशाच्या सीमेपासून साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या शीटा त्या काळी प्रतिबंधित असत. डहाणू, तलासरी अख्खे त्यात. अर्ज, हमीपत्र, कुलूप, नोंदवही. प्रात्यक्षिकाला मुलांच्या हाती देशावरच्या शीटा यायच्या. समुद्राच्या गाजेत वाढलेली मुले दख्खनच्या पठारावरचे ओढे मोजत बसायची.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सामान्यांसाठी वेगळी खुली मालिका आणली आणि २०२१ च्या फेब्रुवारीतल्या मार्गदर्शक सूचनांनी बऱ्याच परवानग्या काढून टाकल्या. त्याआधीच गूगल अर्थ मुलांच्या समोर आले होते, हे वेगळे सांगायला नको.

जुन्या शीटा हाती आल्यावर नवी गंमत. त्या एव्हरेस्ट या सर्वेक्षकाने १८३० साली ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेल्या, तर जीपीएसची पृथ्वी म्हणजे डब्ल्यूजीएस-८४. रूपांतर न करता एकीवर दुसरी ठेवली की आमच्याकडे सगळे शंभर मीटरच्या आसपास सरकते. ते दाखवायला मी आगरचे घरच निवडते. घर जागचे हलले की मुले जी जागी होतात, ती व्याख्यानाने होत नाहीत.

३. हाताने काढलेले विसरत नाही

१९८८ च्या मार्चमध्ये आयआरएस-१ए हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर सव्वाछत्तीस मीटरचा. त्या प्रतिमांचे कागदी प्रिंट प्रकाश टेबलावर पसरून वर ट्रेसिंग फिल्म आणि हातात रॉट्रिंग पेन. दमट हवेत पेन तुंबायचे, ते झटकले की फिल्मवर शाईचा तलाव तयार, आणि परीक्षकाने विचारलेच तर तो ‘जलाशय’. हा विनोद सगळ्या विभागांत होता. पण एक सीमारेषा काढायला दोन मिनिटे लागायची आणि त्या दोन मिनिटांत हात विचारायचा, इथे जंगल संपते म्हणजे नेमके कुठे? माउसची क्लिक तेवढा वेळ देत नाही. अजूनही मी पहिली दोन प्रात्यक्षिके ट्रेसिंग पेपरवर घेते. मुलांची कुरकुर ऐकून घ्यायची.

४. दहा गुंठे म्हणजे किती, हे आधी पायाने मोजा

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा आमच्या शास्त्राला गावात एकदम मान आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्याचा हक्क मान्य करायचा, प्रत्यक्ष ताब्यातले क्षेत्र द्यायचे, जास्तीत जास्त चार हेक्टर. मग ताबा किती, हे मोजायचे. वनहक्क समित्या, जीपीएस, पंचनामे. माझे विद्यार्थी मदतीला जायचे, मीही जायचे.

एका दाव्याची मोजणी डोळ्यासमोर आहे. प्लॉट दहा गुंठ्यांचा. म्हातारे दावेदार पुढे, त्यांच्या मागे यंत्र धरलेली मुलगी. बांधाच्या कोपऱ्यावर ऐनाचे जाडजूड झाड, वर्षानुवर्षे राबासाठी तोडून तोडून गाठाळ झालेले. म्हातारबाबा खोडाला हात लावून उभे राहिले, हीच आमची हद्द, बापाने ठेवलेली. मुलगी झाडाखाली गेली आणि यंत्रावरची अचूकता तीन मीटरवरून नऊवर गेली. फांद्यांनी उपग्रहाचे संदेश अडवले होते. जिथे हद्द सर्वांत पक्की, नेमके तिथे यंत्र सर्वांत कच्चे. ती चार पावले मोकळ्यात सरकली, आकडा सुधारला, बटण दाबणार इतक्यात म्हातारबाबा म्हणाले, ‘बाय, झाड हितं हाय.’

आता हिशेब करू. दहा गुंठे म्हणजे सुमारे ३२ मीटर बाजूचा चौकोन. चारही बाजूंनी फक्त तीन मीटर आत चालले तर बाजू उरते २६ मीटरच्या आत आणि क्षेत्र भरते साडेसहा गुंठे. साडेतीन गुंठे कोणी हिसकावले नाहीत, ते अचूकतेच्या रकान्यात गेले. आणि उपग्रहाचा पुरावा? २००५ च्या आसपास सहज मिळणारी रंगीत भारतीय प्रतिमा लिस-३ ची, तिचा एक ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच गुंठ्यांचा. त्या सगळ्या शेताने पुरे दोन ठिपकेही भरत नाहीत. अशा प्रतिमेवर बोट ठेवून ‘इथे शेती दिसत नाही’ म्हणणे हे अज्ञान आहे, किंवा त्याहून वाईट काहीतरी. २०१२ च्या सुधारित नियमांनी हे स्पष्ट केले: उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक धरता येईल, त्यांची जागा घेणार नाही. मी हा नियम जीआयएसच्या वर्गात फळ्यावर लिहिते. कायद्याच्या वर्गात तो शिकवतील न शिकवतील.

ज्यांना जुने ते सगळे अडाणी वाटते त्यांनी भूमि अभिलेखातले एखादे जुने टिपण बघावे. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडे जास्त. घामाघूम होऊन काढलेले ते मोजमाप हातातल्या जीपीएसपेक्षा कितीतरी बारीक होते.

५. बफर ही बोटाची क्लिक नसते

जीआयएसमध्ये एक आज्ञा असते, बफर. एखाद्या रेषेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा आखायचा. हे शिकवायला मला पुस्तकातले उदाहरण कधी लागले नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा बफर आला आणि उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा पडली. १९९६ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, त्यानंतर डहाणूच्या पर्यावरणावर देखरेख ठेवणारे प्राधिकरण, आणि त्याच्या अध्यक्षपदी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी; २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत. मुले संगणकावर २५ किलोमीटरचा पट्टा आखतात, तो उत्तरेला गुजरातेत शिरतो, पश्चिमेला समुद्रात जातो, आणि मग प्रश्न सुरू होतात.

समुद्राचा प्रश्न सर्वांत अवघड. याच प्राधिकरणाने १९९८ साली डहाणूच्या किनाऱ्यावरचे वाढवण बंदर नाकारले आणि २०२३ साली परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. माझे मत विचाराल तर बंदर हवे की नको याच्या आधीचा एक प्रश्न आहे. आमच्या जमिनीच्या नकाशांत समुद्र म्हणजे सपाट निळा रंग. त्या निळ्यात कुठे कुठली मासळी कुठल्या महिन्यात लागते, कुठे जाळे अडकते, कुठे खडक आहे, यातले काही नसते. मच्छीमार मात्र महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका आणि किनाऱ्यावरची एखादी खूण एका रेषेत धरून समुद्रात जागा शोधत आले आहेत. भूमापनात हेच शिकवतात, फक्त त्याला नाव मोठे असते. ती जागा कुठल्याही सूचीत नाही, म्हणून नुकसानीचा हिशेब मांडताना ती हरवली तरी कोणाला कळत नाही.

६. ठिपक्याभोवती वर्तुळ काढा

२०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हलायला लागली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ चा. डहाणू-तलासरीत लोक थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपले. धक्क्याआधी जमिनीतून गुरगुर ऐकू यायची, कारण केंद्रे उथळ होती. आणि प्रत्येक धक्क्यानंतर फोनवर नकाशा, नकाशावर ठिपका. ‘मॅडम, ठिपका आमच्याच पाड्यावर आहे’ असा फोन आला की पलीकडच्या आवाजात भीती कळायची.

दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेला अक्षांश म्हणजे नुसत्या लिहिण्यातच एक किलोमीटरची ढिलाई. त्यात नोंद करणारी यंत्रे लांब असली की केंद्र काही किलोमीटर इकडे तिकडे. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने जवळ यंत्रे बसवली तेव्हा जागा नेमक्या कळू लागल्या. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून जमीन किती हलली याचाही अभ्यास झाला. पण तंबूत बसलेल्या आईला तेव्हा हवे होते ते एवढेच, की ठिपका अमुक पाड्यावर नाही, या सगळ्या पट्ट्यात कुठेतरी आहे, आणि भिंतीला तडा गेला असेल तर ठिपका कुठेही असो, आत झोपू नका. आमच्या मुलांनी ठिपक्यांचा नाद सोडून तडे गेलेल्या घरांचा नकाशा केला. मला तो जास्त उपयोगी वाटला.

७. गावठाण सापडते, पाडा सापडत नाही

२०२० च्या एप्रिलमध्ये केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली. ड्रोनने गावठाणातली घरे मोजायची आणि मालमत्तेचा कागद द्यायचा. महाराष्ट्रात याची सुरुवात त्याआधीच पुरंदरमधल्या सोनोरीत झाली होती. देशावर ही योजना चपखल बसते, कारण तिथे गाव एका जागी गच्च वसलेले असते. आमच्याकडे गाव म्हणजे पाडे. एका महसुली गावात लांब लांब विखुरलेले पाडे, घरे शेताच्या कडेला, कधी वनजमिनीवर, बहुतेक गावठाणाबाहेर. गावठाण म्हणून जो तुकडा कागदावर आहे तिथे राहणारे मोजके. ड्रोन आला, उडाला, गेला. तंत्र उत्तम होते. फक्त जिथे माणसे राहतात तिथे ते मागितलेले नव्हते.

इथे येणारे पाहुणे गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे नाव घेऊन मला सांगतात, वारली चित्र हाच मुळी नकाशा आहे. मला ते पटत नाही. चित्राला चित्र राहू द्यावे. वारल्यांच्या पोरांना चित्राचे कौतुक भरपूर मिळते. त्यांना मिळत नाही तो आपल्या पाड्याचा, मापात काढलेला, कचेरीत चालणारा नकाशा.

८. नोकरीबद्दल थोडे

पूर्वी मुले अंधेरीतल्या कंपन्यांत जाऊन अमेरिकेतल्या कुठल्याशा काउंटीच्या ड्रेनेजच्या रेषा गिरवत. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा रोजचे जाणे-येणे शक्य झाले. पगार बरा होता, तक्रार नाही. आता गिरवण्याचे काम यंत्रे करू लागली आहेत, त्यामुळे फक्त गिरवणे शिकलेला मुलगा अडकतो. सॉफ्टवेअरचा खर्च हा अडथळा मात्र उरला नाही. क्यूजीआयएस फुकट, लँडसॅटचा सगळा साठा २००८ पासून फुकट, सेंटिनेलच्या दहा मीटरच्या प्रतिमा फुकट, डेहराडूनचे दूरस्थ वर्गही फुकट. वसतिगृहातल्या मुलीने फोनवर ते वर्ग पुरे केलेले मी पाहिले आहे. वर्गीकरण जमिनीवर जाऊन तपासणारा माणूस मात्र अजून कमी आहे, आणि त्याला काम आहे.

९. शाळेतल्या भूगोल शिक्षकांसाठी

महाभूनकाशा संकेतस्थळावर गावाचा गटनंबरांचा नकाशा मिळतो. तो मोठ्या कागदावर छापून घ्या आणि आठवी-नववीच्या मुलांना त्यावर पाडे, विहिरी, पाणवठे, पायवाटा, स्मशान, देवस्थाने मांडायला सांगा. अंतर दोरीने मोजा, उत्तर दिशा होकायंत्राने घ्या, प्रमाण लिहा. सूची मुलांनाच ठरवू द्या, आणि ती पूर्ण झाल्यावर गावातल्या दोन म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. ते दोन-चार गोष्टी वाढवतीलच. काम जूनमध्ये सुरू केले तर आवणीच्या सुट्ट्या धरूनही ऑगस्टपर्यंत होते. झालेला नकाशा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. २६ जानेवारीची वाट बघू नका. तोवर निम्मा पाडा भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेला असतो.